वेखंडाची पुरचुंडी

सांवेर म्हटले की इंदूर-उज्जैन मार्गावरील प्रवाशाला येथला उलटा हनुमान तेवढा आठवतो. खान नदीकाठच्या या गावात आमच्यासारखी काही मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत आणि त्या घरांतून लाल कापडात बांधलेले एखादे दप्तर जपलेले असते, याची त्याला वार्ता नसते. ती असावी असेही नाही. परंतु आम्हालाच तिचा विसर पडला होता, आणि त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आमच्या घरचे दप्तर आजोबांचे. ते होळकर संस्थानात कारकून होते. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, त्या सुमारास त्यांनी लेखणी खाली ठेवली. दप्तरात त्यांच्या हातच्या मोडीतील वह्या, दोन-तीन पोथ्या, आणि 1935 साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला जे साहित्य संमेलन भरले, त्याला ते गेले असतानाची टिपणे होती. नवरात्र बसण्यापूर्वी आजी ते बासन सोडीत असे. पाने ओसरीवर सावलीत पसरून ती एकेक पान हलक्या हाताने उलटी, आणि आदल्या वर्षीची वासहीन झालेली पुरचुंडी काढून नवी ठेवी. पुरचुंडीत वेखंडाची भरड आणि कापूर असे. वेखंड विहिरीच्या पन्हळीपाशी, सांडपाण्यावरच वाढलेले. विकत काहीच आणावे लागत नसे.

आजी गेली. आम्ही शिकलेले, दरसालच्या या उपद्व्यापाची आम्हास गंमत वाटे. आम्ही दप्तर पत्र्याच्या ट्रंकेत घातले, वर मूठभर डांबरगोळ्या टाकल्या आणि कुलूप लावले. पुढे दहा-बारा वर्षे ट्रंक उघडण्याचे कारणच पडले नाही. माळव्यातला पाऊस आणि काळ्या मातीचा ओलावा ठाऊक असूनही पडले नाही. उघडली तेव्हा गोळ्या केव्हाच उडून गेल्या होत्या. पोथ्यांना बुरशी लागली होती, आणि संमेलनाच्या टिपणांची वही कसरीने अशी पोखरली होती की हाती घेताच तिचा चुरा झाला. त्या वहीत काय होते ते आम्ही कधी वाचलेच नव्हते. मोडी येत नव्हती, आणि आता शिकूनही उपयोग नव्हता.

यानंतर काही वर्षांनी चिरंजीवांच्या नोकरीमुळे तिरुचिरापल्लीस जाणे झाले. तेथून तंजावर जवळच. आम्ही आणि सौ. सरस्वती महाल ग्रंथालय पाहण्यास गेलो. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला हा संग्रह. त्याला खरे वैभव आणले ते दुसऱ्या सरफोजीराजांनी (1798 ते 1832). ते काशीयात्रेस गेले तेव्हाही ग्रंथ जमवीत आले. तंजावरचे राज्य 1855 साली खालसा झाले. ग्रंथालय मात्र राहिले आणि 1918 साली सर्वांसाठी खुले झाले. तेथे ताडपत्रे आहेत, कागदी पोथ्या आहेत, तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत, आणि मोडीतील राजदप्तरांची बासनेही आहेत. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ मुलखात, आपल्या भाषेचा एवढा ठेवा पाहून ऊर भरून आला, हे सांगायला संकोच कशाला?

पण आमचे पाय खिळले ते निराळ्याच गोष्टीपाशी. ग्रंथांना कीड लागू नये म्हणून येथे काय करतात, असे आम्ही तेथल्या एका गृहस्थांना विचारले. त्यांनी यादी सांगितली: वेखंड, कलौंजी, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर; यांची पूड कापडात बांधून ग्रंथांजवळ ठेवावयाची. ताडपत्रांना गवती चहासारख्या सुगंधी गवतांचे तेल लावण्याची चालही त्यांनी सांगितली. सौ. आमच्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "अहो, ही तर सासूबाईंच्या सासूबाईंची पुरचुंडी!"

जगातील मोठमोठ्या संग्रहालयांनी कीटकांवर विषारी धुरांचा मार्ग पत्करला होता. त्यांपैकी मेथिल ब्रोमाइड वातावरणातील ओझोनच्या थराला घातक ठरले आणि माँट्रियल करारान्वये 2015 पर्यंत, काही अपवाद वगळता, विकसनशील देशांतूनही त्याचा वापर बंद करावयाचा ठरला. इथिलीन ऑक्साइडने कर्करोग होऊ शकतो असे सिद्ध झाले. आमच्या डांबरगोळ्याही तान्ह्या मुलांच्या वाऱ्यास उभ्या करू नयेत अशाच. तंजावरची पुरचुंडी कोणाच्या श्वासावर उठत नाही. तिचे सारे जिन्नस मातीतून येतात आणि मातीत जातात. आता, वेखंडाने सर्व काही होते असे आम्ही म्हणणार नाही. भिंतीतून आलेल्या वाळवीपुढे ते हतबल आहे, ओलीपुढेही आहे.

तरीही परतीच्या प्रवासात एक विचार पाठ सोडीना. पुरचुंडीचा वास थोड्या महिन्यांत उडतो, हा आम्ही तिचा दोष समजत होतो. वास उडतो म्हणून ती बदलावी लागते. बदलायची म्हणजे बासन सोडावे लागते. आणि बासन सोडले की ओल दिसते, पहिले भोक दिसते, कोणाची तरी नजर अक्षरावर पडते. आजी मोडी वाचीत नव्हती, पण कोणते पान कोठे सैल झाले आहे हे तिला ठाऊक असे. डांबरगोळ्यांनी आम्हाला दप्तर विसरण्याची मुभा दिली होती.

घरी आल्यावर पन्हळीपाशी पाहिले. विहीर बुजली असली तरी नळाचे सांडपाणी तेथूनच जाते, आणि वेखंडाचे दोन-चार खुंट तग धरून होते. गेल्या भाद्रपदात आम्ही उरलेले बासन ओसरीवर सोडले. नातीला वेखंडाच्या पुडीने लागोपाठ शिंका आल्या, आणि त्या धांदलीत तिने एका वहीच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारले, "आजोबा, इथे काय लिहिलंय?" सध्या आम्ही दोघे मिळून मोडीची बाराखडी गिरवीत आहोत. तिची गती आमच्याहून बरी आहे.