कौल घेतला कोणाचा?

निवडणुकीचा निकाल लागण्यापूर्वीच तो सांगून टाकणारे ज्योतिषी अलीकडे पुष्कळ झाले आहेत. दारी येणारा नंदीबैलही मान हलवून भविष्य सांगे, पण तो टक्केवारी देत नसे! १ जून २०२४ रोजी बहुतेक चाचण्यांनी केंद्रातील सत्ताधारी आघाडीस साडेतीनशेहून अधिक जागा बहाल केल्या. ४ जून रोजी निघाल्या २९३. पुढे नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी महायुतीविषयी बहुतेकांचा अंदाज दोनशेच्या आत राहिला, आणि तिच्या तीन प्रमुख पक्षांनाच २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. एकदा फाजील, एकदा उणे! अशा वेळी ‘पैसे चारले असतील’ म्हणून लोक मोकळे होतात. चूक दोन्ही अंगांनी झालेली पाहून आम्हांस ते तितकेसे पटत नाही. आमची शंका निराळी आहे. विचारले तरी कोणाला?

आम्ही राहतो ते पिंपरीचे संत तुकाराम नगरच पाहावे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पाळ्यांवर इकडची घड्याळे चालतात. सकाळी अकराला दार वाजविले, तर पहिल्या पाळीचा मनुष्य गेलेला, रात्रपाळीचा निजलेला. दार उघडणार ते पेन्शनरांनी. भाड्याच्या खोलीतले तरुण भेटलेच, तर त्यांची नावे बहुधा लातूर-नांदेडकडच्या यादीत. मेट्रोच्या स्थानकाबाहेर उभे राहावे, तर मेट्रोने जाणारेच सापडावयाचे.

२०२४ च्या विधानसभेच्या वेळी असाच एक तरुण आमच्या दारी आला. आमच्या थोरल्या बंधूंनी आपले मत सांगितले. ‘‘घरात मते किती?’’ ‘‘सात.’’ त्याने सातही एकाच रकान्यात टाकली व तो जिना उतरला. आत धाकट्या सूनबाई हसल्या. ते हसणे मात्र कोणत्याच रकान्यात गेले नाही. एकत्र कुटुंबात स्वयंपाक एक असतो, म्हणून मतही एकच असते असे थोडेच आहे!

संख्येच्या मोठेपणाने आपण दिपून जातो. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या. लँडन जिंकणार असे त्यांवरून ठरले, आणि ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. नावे घेतली होती मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि तेही मंदीच्या दिवसांत! उलट गॅलप यांनी तुलनेने मूठभर लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला.

हे शास्त्र आपणांस परके नाही. सातारा जिल्ह्यातील डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी चाळिसाच्या दशकात पिकाचा अंदाज नजरेने करण्याऐवजी कापणीच्या प्रयोगांनी करण्याचा पाया घातला. त्यात कोणते शेत व शेतातला कोणता तुकडा कापावयाचा, हे कापणाराच्या मर्जीवर सोडलेले नसते. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे आकड्यांनी ठरते. मतदारयादीतून अशाच रीतीने नाव काढावे, तो मनुष्य घरी नसल्यास दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावे, आणि कितीजण भेटले नाहीत व कितीजणांनी बोलणे नाकारले तेही छापावे. असे निवडलेले हजार-बाराशे लोक पुरतात. सोयीने गाठलेले लाख पुरत नाहीत.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६-अ कलमाने मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या छापण्यास बंदी आहे. नावे कशी निवडली हे सांगण्याचे बंधन त्या कलमात नाही.