तोंडलीभात काट्यावर

बाबांची शुगर वाढली तसा घरात हातसडीचा तांदूळ आला आणि रविवारचा तोंडलीभात बंद झाला. निर्णय आईने परस्पर घेतला. तांदूळ रात्री भिजत घालून, वर दोन शिट्ट्या जास्त काढून भात मऊ झाला, पण बाबांची कुरकुर काही शिजेना.

शेवटी केकसाठी आणलेला वजनकाटा मी ओट्यावर मांडला. ‘नेहमीसारखा तोंडलीभात कर, फक्त एकेक जिन्नस आधी काट्यावर ठेव.’ आईला हा अपमानच वाटला. ‘हाताला अंदाज असतो गं!’

तांदूळ भरला ३०० ग्रॅम, म्हणजे साधारण १०५० कॅलरी. पांढरा घ्या की हातसडीचा, या आकड्यात फारसा फरक नाही. फरक कोंड्यात. शंभर ग्रॅम शिजलेल्या हातसडीच्या भातात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास तंतू, पांढऱ्यात जेमतेम अर्धा ग्रॅम. पॉलिश करताना मॅग्नेशियम आणि ब-१ जीवनसत्त्वही बरंचसं निघून जातं. जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरने पाहिलं होतं, की पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांच्या पायांतलं बळ जातं आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सावरतात. त्या वाटेने १९२९ सालचं नोबेल त्याच्यापर्यंत पोचलं. आमच्या मालवणच्या मावशीकडचा उकडा तांदूळ या बाबतीत फायद्याचा: भात तुसासकट उकडताना ब-१ दाण्यात शिरतं, मग गिरणीत सडला तरी बरंच टिकतं.

पुढचे जिन्नस जास्त बोलके निघाले. फोडणीचं तेल ५५ ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या घरात कॅलरी! काजू आणि वरून तूप मिळून आणखी अडीचशे. पाव किलो तोंडली मात्र पन्नासच्या आसपास. ज्याच्यावर सगळा राग होता तो गोडा मसाला दोन चमचे, जवळजवळ निर्दोष. मीठ १० ग्रॅम. चौघांत वाटलं तर माणशी अडीच, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाचच्या आत राहा म्हणते. अर्थात साधा भात तरी कोण कोरडा खातो? आमटी, लोणचं, पापड यांचं मीठ कुणी तोलत नाही.

मग आईनेच तोडगा काढला. हातसडीचा तांदूळ, तेल २० ग्रॅम, तोंडली दुप्पट, मूठभर मटार, काजू नावापुरते. एकत्र शिजवला तर तोंडल्यांचा लगदा होतो, म्हणून तांदूळ आधी अर्धाकच्चा शिजवायचा. बाबांना एकच वाटी मिळते, कारण कोंडा असला तरी पिष्ट तेवढंच. चवीला तो जुना तोंडलीभात नाही, हे मी आईसमोरही म्हणते. या दाण्यात मसाला लवकर मुरत नाही, म्हणून ती तो शनिवारी रात्रीच करते, लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवते आणि दुपारी वाफ आणते. कोथिंबीर-खोबरं वाढतानाच. ते अजून काट्यावर चढलेलं नाही.