तलावकाठचे देवधान

नागपूरहून पूर्वेकडे निघालो की भंडाऱ्यापुढे तलावांचा मुलूख लागतो. भंडारा-गोंदिया जिल्ह्यांतील ही जुनी तळी बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. मालगुजारी गेली आणि ते 'माजी मालगुजारी' तलाव झाले. लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. आम्ही गेलो तो ऑक्टोबर महिना होता.

पाळीवरून पाहिले, तर काठच्या उथळ पाण्यात भाताचीच रोपे डोलत होती. जवळच जाळे आवरीत असलेल्या ढीवर समाजाच्या मावशी म्हणाल्या, "हे देवधान हाये जी. पेरा नाही लागत, आपोआप येते." लोंबीला हात लावताच लांब कूस बोटाला टोचली आणि चार दाणे पाण्यात गळाले. पिकताच गळणे हा रानभाताचा स्वभाव; म्हणून तो हाती थोडाच लागतो.

शेतात उगवला तर याला आपण तण म्हणतो. परंतु या तणाच्या कुळाने जगाचे भात वाचविले आहे. १९७० च्या दशकात तपकिरी तुडतुड्यांनी पसरविलेल्या एका रोगाने आशियात भाताची रोपे खुजी राहू लागली. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६,००० हून अधिक नमुने तपासले. रोगाला पुरून उरला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेला रानभात, 'ओरायझा निवारा'. संस्कृतातील 'नीवार' म्हणजे रानभात, त्यावरून हे नाव. त्याच्या संकरातून १९७६ साली 'आय.आर. ३६' ही जात आली आणि लाखो हेक्टरांवर पसरली.

ते मूठभर बी कोणी गोळाच केले नसते तर?

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बियाणे उणे १८ अंशांत जपतात. ते हवेच. पण तेथे बी निजून राहते. तळ्यात मात्र ते दरसाल पाऊस, ऊन, कीड सोसून नव्याने कसाला लागते. म्हणून पेढीही हवी आणि तळेही. आज कित्येक तळ्यांत गाळ साचला आहे, बेशरम माजली आहे. काही गावांत ढीवर बंधुभगिनींनी ती उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत.

वाचकहो, आपल्या गावच्या तळ्याकाठी, बांधावर कोणती रानधान्ये उगवतात, ते घरातील वडीलधाऱ्या बायांना विचारा. मुलांना सोबत नेऊन ती दाखवा आणि त्यांची नावे वहीत लिहून ठेवायला सांगा.