सावईवेऱ्याचे मास्तर

फोंड्याहून सावईवेऱ्यास जाताना माडा-पोफळींची सावली गाव येईपर्यंत सुटत नाही. अनंताच्या देवळाच्या या गावात १९५० च्या सुमारास सांगलीकडील एक विशीतला तरुण मराठीचा शिक्षक म्हणून आला. त्याचे मूळ नाव मनोहर आपटे. गोव्याला तो ठाऊक झाला तो मोहन रानडे या नावाने.

पोर्तुगीज अमदानीतील मराठी शाळा ही सरकारची देणगी नव्हती. शेणवीमामांच्या जुन्या शाळा होत्याच. पण १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंवरील बंधने सैल झाली आणि गावोगाव लोकांनी वर्गणी काढून नव्या शाळा उभ्या केल्या. कोठे देवळाच्या अग्रशाळेत, कोठे एखाद्या भाटकाराच्या सोप्यावर वर्ग भरत. शिक्षक पुष्कळदा बाहेरून येत. आपली घराणीही कधीकाळी घाट उतरून किंवा कोकणपट्टीतून इकडे आली, हे सोयीस्करपणे विसरून आपल्या आज्ज्या अशा मास्तरांना खुशाल 'घांटी' म्हणत. त्यांच्याच नातवंडांना बाराखडी मात्र त्या घांट्याने शिकवावयाची!

रानडेमास्तर बाराखडीपाशी थांबले नाहीत. सावरकर बंधूंच्या लेखनाने भारलेला हा शिक्षक आझाद गोमंतक दलाचा सैनिक झाला. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात गोळी लागून तो जखमी झाला आणि पकडला गेला. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. पुढे त्याला पोर्तुगालात नेऊन लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवले. त्या कारावासातील काही वर्षे निव्वळ एकांतवासाची होती.

आम्ही शाळेत जाऊ लागलो तेव्हा मास्तर तुरुंगात होते. आमच्या घरात त्यांचे नाव कोणी उच्चारीत नसे. एकदा आम्ही विचारले, तेव्हा तात्यांनी पानाचा डबा मिटला आणि ते उठून आत गेले. पाखल्यांचे राज्य होते, घरात बायकामुले होती, कुळागर होते. भीती खोटी नव्हती. तात्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु १९ डिसेंबर १९६१ नंतर ओटीवर जी पहिली बैठक भरली, तीत तात्या मास्तरांविषयी जणू नित्याच्या परिचयातले असल्यासारखे बोलू लागले. ते ऐकताना दहा वर्षांच्या आम्हांलाही काहीतरी खटकले होते.

गोवा मुक्त झाला, पण मास्तर सुटले नाहीत. १९६२ साली युद्धकैदी झालेले पोर्तुगीज सैनिक आपल्या देशी परतले. आपला शिक्षक त्यांच्या देशात कोठडीतच राहिला. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचे रान केले. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोपची भेट घेतली तेव्हा याच कैद्यासाठी शब्द टाकला. मराठी मास्तराकरिता एका तमिळ नेत्याने रोमला जाऊन रदबदली करावी, हे आम्हांला आजही नवल वाटते. जानेवारी १९६९ मध्ये सुटका झाली. ३ फेब्रुवारीस अण्णादुराई निवर्तले.

शस्त्र हाती घेतलेल्या माणसास समाजसेवक म्हणावे काय, असा प्रश्न आमच्या मंडळाच्या बैठकीत एकदा निघाला होता. विचारणाऱ्याने सुटकेनंतरची वर्षे पाहिली नसावीत. चौदा वर्षे गमावून आलेला हा माणूस पुन्हा विद्यार्थ्यांकडेच वळला. गरीब मुलांच्या शालेय शिक्षणास हातभार लावणारी संस्था त्यांनी पणजीत उभारली, रेडक्रॉसच्या गोवा शाखेचे अध्यक्षपद पाच वर्षे सांभाळले. १९८६ साली त्यांना गोवा पुरस्कार मिळाला तो समाजकार्याबद्दल. २००१ साली पद्मश्री आली.

त्या १९८६ सालचीच गोष्ट. आमच्या मुंडकाराची मुलगी सातवी उत्तीर्ण झाली. पुढची शाळा फोंड्यास. तिची आई आमच्या पायरीशी आली. बसभाडे, गणवेश आणि पुस्तके यांसाठी तिला थोडी उचल हवी होती. आम्ही तेव्हा मास्तरांच्या कार्यावर एका समारंभात बोलावयाचे म्हणून टिपणे काढीत बसलो होतो. सुपारीचा हंगाम होऊ दे, मग पाहू, असे आम्ही सांगितले. हंगाम झाला. तिने पुन्हा विचारले नाही, आम्हीही आठवण ठेवली नाही. मुलगी शाळेऐवजी आमच्याच स्वयंपाकघरात भांडी घासावयास येऊ लागली आणि लग्न होईपर्यंत येत राहिली. समारंभात आमचे भाषण बरे झाले होते. टाळ्या पडल्या होत्या.

२५ जून २०१९ रोजी मास्तर पुण्यात वारले. दुसऱ्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. ती कसल्याशा कामासाठी माहेरी आली होती, ती आमच्याकडेही डोकावली. येताना अळूची जुडी घेऊन आली होती. टेबलावरच्या वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहून तिने विचारले, हे कोण? सावईवेऱ्याचे मास्तर होते, असे आम्ही म्हटले आणि बातमी वाचून दाखविण्यासाठी चष्मा शोधू लागलो. तेवढ्यात तिने पत्र उचलले. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवीत, ती सावकाश वाचू लागली. 'एकांतवास' या शब्दाशी अडली व अर्थ विचारला. आम्ही सांगितला. तिने मान हलविली आणि पुढची ओळ धरली. बातमी संपेपर्यंत आम्ही चष्मा हातात घेऊन तसेच उभे होतो.