सांजेचं दूध

"दारू सुटली, आता कामाला लाग," असं अण्णाला सांगणारे गावात खूप होते. काम देणारं कोणी नव्हतं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणात उपचार घेऊन तो परतला होता. येताना एकच गोष्ट मनाशी बांधून आणली होती : आजचा दिवस प्यायची नाही. उद्याचं उद्या.

पण आजचा दिवस घालवायचा कुठं? ट्रॅक्टरवर त्याला कोण बसवणार! ऊसतोडीचा मुकादम तेवढा दारात आला. "उचल घ्या, दोघं चला." वहिनीनंच नको म्हटलं. हातात एकरकमी पैसा आणि सांजेची फडावरची बैठक, दोन्ही तिनं पाहिलेलं होतं. मग अण्णा गवंड्याच्या हाताखाली गेला. बाजारादिवशी पगार झाला, की सगळे मिळून गुत्त्याकडं वळायचे. पहिल्याच बाजारी अण्णा पैसे मुठीत धरून घरी पळत आला. म्हणाला, "उद्यापासनं तिथं न्हाई जात."

काम कोणतं, याहून ते किती वाजता सुटतं आणि पैसा कुणाच्या हातात पडतो, हे वहिनीनं ओळखलं. ती दूध डेअरीच्या चेअरमनांकडं गेली. "ह्यांना पहाटे अन् सांजेला बोलवा. पगार माज्या खात्यावर टाका."

"वास आला तर त्याच दिवशी बंद."

"चालंल."

पहाटे पाचला कॅन धुवायचे, दूध ढवळून नमुना घ्यायचा, फॅट लावायची, वहीत मांडायचं. सुरुवातीला अण्णाचा हात थरथरायचा. बायका कुजबुजायच्या, "ह्यो काय माप घालणार?" गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ लागलं तर पुरा दर; पॉइंट घसरला की पैसे कापले. म्हणून अण्णा आकडा मोठ्यानं वाचायचा आणि मशीन समोरच्याकडं फिरवायचा. एकीनं तेच दूध दुसऱ्या डेअरीत नेऊन तपासलं. आकडा तोच निघाला. त्यानंतर कुजबुज थांबली.

सांजेचं दूध सहा ते आठ. गुत्ता भरायची वेळही तीच. कॅन गाडीत चढवून अण्णा घरी यायचा तो भाकरी खाऊन आडवाच व्हायचा. वहिनी मात्र दार लावल्यावर कडीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहायची. तिची ती सवय सुटायला आणखी दोन वर्षं लागली.