आबांची दुनळी

आज पिकाचं नाही, राखणीच्या बंदुकीचं सांगतो.

रानडुकरांसाठी आबांकडे पीक संरक्षण परवान्यावरची बाराबोर दुनळी होती. आबा गेल्यावर ती परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली. गावात एकच चर्चा, "विलायती आहे, लाखाच्या खाली देऊ नको."

दुकानदारानं नळ्या सोडवल्या, टांगत्या धरून बोटानं वाजवल्या. घंटेसारखा नाद आला, म्हणजे जोड शाबूत. मग बैलाचे दात बघावेत तसं नळ्यांच्या बुडाखाली बघितलं. मुकुट आणि खाली 'बीपी', म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली. पण 'नायट्रो प्रूफ' हे शब्द नव्हते. भिंगातून नळीवर लाटांची पुसट नक्षी दिसली. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली ही दमास्कस नळी, काळ्या दारूसाठीची. काडतुसाचं घर अडीच इंची, बाजारातलं काडतूस पावणेतीन इंची.

"ह्यात नवी काडतुसं उडवली का?"

आबांनी वीस वर्षं उडवली. शेजारी बॅटरी धरून मीच उभा असायचो. अंगावर काटा आला.

"आणि नक्षी कुणी घासली?"

तेही मीच. दर खंडेनवमीला पॉलिश पेपरनं चकचकीत करायचो. तो म्हणाला, "शौकिनाची किंमत तिथंच गेली."

घरात जुनी बंदूक असेल तर घासू नका. आधी जाणकाराकडून खुणा वाचून घ्या, तोवर बार काढू नका. विकायची तर परवानाधारकालाच.

आमचा सौदा लाखाच्या बराच खाली आला. पण आबांचे हात शाबूत राहिले, माझे डोळेही.