येळवशीचा पाहुणा

आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे एक सहकारी २०२३ सालच्या जानेवारीत रजा काढून तंजावरकडे गेले आणि कावेरीकाठच्या एका भातशेतीच्या खेड्यात पंधरा दिवस नुसते राहून आले. देवळे पाहिली नाहीत, समुद्र पाहिला नाही. एका शेतकऱ्याच्या ओसरीवर पथारी टाकायची, सकाळी त्याच्यामागून बांधावर जायचे, दुपारी केळीच्या पानावर जेवायचे आणि संध्याकाळी, भाषा येत नसल्यामुळे, हसत बसायचे, एवढाच त्यांचा प्रवास. पोंगलही तिथेच झाला. नव्या मडक्यात दूध-तांदूळ उतू गेले की घरातली लहानथोर कशी आनंदाने ओरडतात आणि पुढे एके दिवशी गुरांची शिंगे रंगवून त्यांना कसे मिरवतात, हे त्यांनी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितले की आम्हाला ते गाव पाठ झाले.

मला त्यांचा हेवा वाटला, हे कबूल करतो. पण हेवा करायला तरी माणसाची काही लायकी हवी! मी लोह्याला सोळा वर्षे मराठी शिकवतो आहे, आणि राहतो नांदेडला. सकाळची बस, संध्याकाळची बस. आमच्याकडे याला 'अप-डाऊन' म्हणतात आणि निम्मे नोकरदार त्यातच म्हातारे होतात. लोहा तालुका मी पाहिला तो बसच्या खिडकीतून, आणि तोही पेंगत. 'ग्रामीण साहित्य' ही अभ्यासपत्रिका मात्र वर्षानुवर्षे माझ्याकडे आहे.

माझे हे पितळ उघडे पडले ते एका शब्दामुळे. वर्गात एक ग्रामीण कथा चालू होती. 'म्हातारा कोपात बसला होता' असे वाक्य आले. मी खडू खाली ठेवून म्हाताऱ्याचा संताप, त्यामागचे सामाजिक दुःख असे बरेच काही उलगडून दाखवले. वर्ग गालातल्या गालात हसू लागला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि अगदी अदबीने म्हणाला, "सर, कोप म्हंजे राग न्हाई. कडब्याचं खोपट. येळवशीला घालतेत." मग थोडा थांबून, "या की सर येळवशीला. दाखवतो."

पुण्या-मुंबईच्या वाचकांना येळवस माहीत असण्याचे कारण नाही. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या असेही तिला म्हणतात. लातूर, नांदेड, धाराशिव या भागांत त्या दिवशी शहरे ओस पडतात. दुकाने बंद, रस्ते सुनसान, आणि सारी माणसे शेतात. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतातून हाक येते. आम्हा भाषेच्या मास्तरांना या शब्दाचाच नाद अधिक. काही जण हा 'येळ' कन्नडातल्या तिळाच्या 'एळ्ळु'शी जोडतात, काही जण साताच्या 'एळु'शी. मालेगावच्या खंडोबाचा जो 'येळकोट' होतो, त्यातला येळ म्हणजेही सात, सात कोटी, असे सांगतात. तमिळमध्येही तीळ आणि सात यांना जवळजवळ हेच शब्द आहेत. विश्वनाथ खैरे यांनी मराठी आणि तमिळ यांचे नाते उकलण्यात आयुष्य घातले. त्यांची पुस्तके माझ्या कपाटात होती. त्यातून ज्या तिसऱ्या कृष्णाचा शिलालेख शेजारच्या कंधारला मिळाला, तो राष्ट्रकूट राजा ९४९ साली तक्कोलमच्या रणात चोळांना हरवून तमिळ मुलखावर हुकमत गाजवणारा. म्हणजे आमचे सहकारी एवढ्या लांब जाऊन जे ऐकून आले, त्याचा एक तुकडा माझ्या बसच्या रस्त्यालगतच पडून होता.

२०२४ साली येळवस ११ जानेवारीला, गुरुवारी आली. मी मंगळवारीच चार दिवसांच्या रजेचा अर्ज ठेवला आणि लोह्याच्या अलीकडे एका फाट्यावर पिशवी घेऊन उतरलो. वाहक सोळा वर्षांचा ओळखीचा. "सर, लोहा यायचंय अजून," म्हणून त्याने मला दोनदा सावध केले.

मुलाचे वडील माझ्याच वयाचे. मुलगा त्यांना दादा म्हणे, गावही दादाच म्हणे, म्हणून मीही. घरात आजी होती. तिला ऐकू कमी येई, त्यामुळे तिने माझ्याशी एकाच वाक्यावर संसार केला : "जेवलाव का?" मी जेवलो असलो तरी, नसलो तरी, जेवत असलो तरीही.

पहिला दिवस अवघड गेला. काही न करता बसणे ही कला आहे आणि ती मला येत नाही, हे दोन तासांतच ध्यानात आले. मी वही काढून शब्द टिपू लागलो. आजीने थोडा वेळ पाहिले आणि सुनेला विचारले, "हे काय हिशेब लिव्हायलेत?" मग तिने माझ्यापुढे तुरीच्या शेंगांचे सूप सरकवले. वही मिटून मी शेंगा सोलू लागलो. तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, सारे वेगवेगळ्या टोपल्यांत. याचीच भज्जी होते. भज्जी म्हणजे भजी नव्हे. या साऱ्या दाण्यांची, चिंचेच्या पाण्याची आणि बेसनाची एक दाट, आंबट भाजी. बुधवारी रात्री दोन वाजता भांड्यांच्या आवाजाने मला जाग आली, तेव्हा घरातल्या आणि शेजारच्या मिळून पाचसहा बायका चुलीभोवती होत्या. दादांची बायको बाजरीचे उंडे वळत होती. सण पुरुषांच्या शेतात होतो, पण तो शिजतो इथे, हे कुठल्याच कथेत मी धड वाचले नव्हते. की वाचले आणि पुढच्या पानावर गेलो?

सकाळी आंबिलीचे मडके घोंगडीवर घेऊन दादा पुढे आणि आम्ही टोपल्या घेऊन मागे, असे शेतात गेलो. तिथे ती कोप मी पाहिली. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून वर बांधलेल्या, त्यावर लुगडे पांघरलेले. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड. हे पांडव. महाभारतातले इतके थोर लोक इतक्या लहान जागेत इतक्या सुखाने बसलेले मी कधी पाहिले नव्हते. पूजा झाल्यावर दादा आंबील घेऊन उभ्या ज्वारीतून, हरभऱ्यातून शिंपडत फिरले. मग जेवणे. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक, आणि प्रत्येकाने बसून दोन घास तरी खायचेच. मी चार शेतांत जेवलो. तरीही आजीने संध्याकाळी विचारलेच.

दिवस कलला तेव्हा कोपीपुढे बोळक्यात दूध उतू घातले. ते पूर्वेकडून सांडले. त्यावरून पुढच्या पिकाचे काही ठरवले गेले, पण माझे लक्ष तिकडे नव्हते. मला त्या कावेरीकाठच्या मडक्याची आठवण झाली होती. अंधार पडताच मुलाने गवताचा हेंडगा पेटवला आणि तो जळता पेंढा घेऊन पिकाभोवती धावत सुटला. शेजारच्या शेतातही एक, पलीकडे आणखी एक. पाहता पाहता सारे शिवार धावू लागले.

घरची मंडळी परतली. दादा राखणीला थांबले, रानडुकरांसाठी. आणि मी त्यांच्याबरोबर. शेकोटीपलीकडे त्यांची बैलजोडी रवंथ करीत होती. लाल कंधारी, गडद तांबडे, अंधारात काळेच वाटणारे. ही जात याच मातीतली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दादा म्हणाले, "सर, एक इचारू का?"

"विचारा की."

"पोरगं एम.ए. करतो म्हणायलंय. मराठीत. करून काय मिळंल?"

हा प्रश्न मला दर जूनमध्ये पडतो, म्हणजे लोक विचारतात. त्याचे माझे उत्तर ठरलेले आहे. भाषेचा अभ्यास माणूस घडवतो, मराठीच्या पदवीधरास आज अनेक वाटा मोकळ्या आहेत, वगैरे. प्रवेशाच्या टेबलाशी ते चांगले शोभते. पालक घाईत असतात, मीही घाईत असतो. इथे घाई कोणालाच नव्हती. समोरचा माणूस काटकीने निखारे सारखे करीत होता आणि उत्तर आले नाही तरी सकाळपर्यंत बसणार होता. माझे ते वाक्य तोंडाशी आले आणि तिथेच अडले.

मी खरे ते सांगितले. सांगितले की कायम जागा सगळीकडेच क्वचित भरल्या जातात. माझ्याच हाताखालून गेलेला एक हुशार मुलगा, नेट झालेला, तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास तितके पैसे, आणि उन्हाळ्यात तास नाहीत. त्याचे लग्न ठरत नाही. मलाही आज नव्याने अर्ज करावा लागला तर नोकरी मिळेल की नाही, देव जाणे.

"म्हंजे तुम्हाला बी ठावं न्हाई," दादा म्हणाले.

"नाही."

"पोरगं हुशार हाय का पण?"

"आहे. त्याने माझी चूक भर वर्गात काढली, आणि मला राग येऊ दिला नाही."

दादा हसले. मग बैलांकडे पाहत म्हणाले, "परवा दिशी ही मालेगावला न्यायची हायेत. त्याला सांगू नका. तुम्ही संगं चला. पाव्हणा संगं असला म्हंजे पोरगं बोलायचं न्हाई."

मग कारणे आली. २०२३ च्या ऑगस्टात पाऊस दडून बसला होता. कडबा पुरेसा नव्हता. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये, पण हातात त्याहून कमी आले आणि ते देण्यात गेले. बैल सहा दाती होते. एकदा जुळले, म्हणजे सारे दात आले, की किंमत उतरायला लागते. आणि २०१५ साली राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून म्हाताऱ्या बैलाला बाजारात कोणी विचारत नाही. नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. पैसे पोराच्या नांदेडच्या खोलीसाठी, खानावळीसाठी. हिशेब त्यांनी मनाशी कितीदा तरी केलेला दिसत होता. कुठेही अडखळले नाहीत.

शनिवारी पहाटे तीनला निघालो. दादा पुढे, मी आणि मुलगा मागे. मुलाला काल रात्रीच कळले असावे. माझ्याशी तो फक्त 'इकडून या सर' आणि 'खड्डा हाय' एवढेच बोलला. बैलाच्या चालीने चालणे म्हणजे काय हे मी तेव्हा शिकलो. आपण पुढे जाऊन थांबावे तर वेडे दिसतो, मागे राहावे तर धूळ खातो. चालता चालता दादा अंधारातली शेते नावांनी सांगत होते : हे चिंचेचे, हे थोरले, हे वाटणीत गेलेले. रोज मी ज्याला 'रस्त्याकडेची शेती' समजत होतो, तिला इतकी नावे होती. उजाडताना लोहा आले. कॉलेजच्या फाटकाशी आमचे शिपाईमामा झाडत होते. एका बैलाचा कासरा माझ्या हातात होता. मामांनी झाडू थांबवला, माझ्याकडे, बैलाकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "सर, आज सुट्टी हाय का?"

मालेगावला पोहोचायला एकंदर सहा तास लागले; बसला पाऊण तासही लागत नाही. यात्रा भरात होती. भंडाऱ्याने माणसे पिवळी झालेली, वाघ्या-मुरळींची गाणी, घोडे, गाढवे, उंटसुद्धा. दुसऱ्या वेळी मी तिथे दिवसभर रमलो असतो. जनावरांच्या बाजारात दादांनी जोडी उभी केली आणि तासाभरात तिघेचौघे येऊन दात पाहून गेले. पाचवा आला तो लातूरकडचा शेतकरी. त्याने बैलांना चार पावले चालवून पाहिले, पाठीवर हात फिरवला. मग मध्यस्थाने दादांच्या हातावर रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटे बोलू लागली. दोघांचेही चेहरे कोरे. एकदा दादांनी हात काढून घेतला. पुन्हा घातला. किती बोटे दाबली गेली ते मला दिसले नाही, आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही.

मुलगा तोवर बैलांच्या मधे उभा होता. सौदा झाला हे कळल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. "सर, तुम्हाला ठाऊक होतं?" मी मान हलवली. तो आणखी काही बोलला नाही. दादांचा अंदाज बरोबर ठरला.

दादांनी बैलांच्या गळ्यातली दावी सोडून घेतली, गुंडाळली आणि खांद्यावर टाकली. परतीच्या बसमध्ये ती त्यांच्या मांडीवर होती. तिकिटे कोणी काढायची यावरून आमचा थोडा वाद झाला आणि मी हरलो. फाट्यावर उतरताना ते म्हणाले, "फुडल्या येळवशीला बी या." मुलगा पुढच्या दाराने उतरला होता. अंधारात तो मागे वळला की नाही ते दिसले नाही.

सोमवारी मी कॉलेजात गेलो. तो आला नव्हता. मंगळवारी आला आणि आपल्या शेवटच्या बाकावर बसला. ती कथा अजून अर्धी राहिली होती. मी पुस्तक उघडले आणि पुढचा उतारा वाचायला त्याला सांगितले.